इलाहीभाई आणि दोन माइकांचा डबा

इलाहीभाई कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच. मग मान जराशी डावीकडे कलती करून क्षणभर उभे राहत. घर कुणाचंही असो, लग्नाचं असो की मयताचं, टाळी चुकायची नाही. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आईला वाटलं, उंदीर-बिंदीर दिसला की काय. भाई म्हणाले, "न्हाई वहिनी, खोली बगतोय. लई बोलती तुमची खोली. ह्या भितीवर एखादी गोधडी टाका, म्हंजे गप बसंल." आईने गोधडी टाकली नाही. पण भाई गेल्यावर तिने स्वतः दोन-तीन टाळ्या वाजवून पाहिल्याचं मला आठवतं.

भाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं मी अनेकदा ठरवलं आणि दर वेळी टाळलं. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मी काय केलं तेही लिहावं लागतं. आता पन्नाशी उलटली आहे. आता टाळायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

भोरच्या बाजारपेठेत आमच्या घरासमोर त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. तिथे ते टेप दुरुस्त करत, कॅसेटी भरून देत आणि लग्नसराईत स्पीकर लावत. कॅसेटवरच्या कागदावर गाण्यांची यादी लिहिण्याचं काम ते कुणाला देत नसत. त्यांचं मराठी अक्षर असं होतं की शाळेतले मास्तर दाखल्यांवर नावं घालायला त्यांना बोलवत. अंगात पांढरा सदरा, खिशात टेस्टर आणि कापसाचा बोळा. हा बोळा टेपचं हेड पुसायला असे, पण एखादा माणूस फार बोलायला लागला की भाई तो कानात घालत. त्याच्यासमोरच.

आपण ज्याला सरसकट 'खरखर' म्हणतो त्याची त्यांच्याकडे चार-पाच नावं होती. टेपच्या फितीची ती 'तळण'. विजेची घरघर तो 'भुंगा'. माइक फार वाढवल्यावर मागे सळसळतं ते 'पाचोळा'. गिऱ्हाईक टेप घेऊन आलं आणि म्हणालं, "भाई, खरखर येतीय," तर ते विचारत, "कुठली?" गिऱ्हाईक गोंधळलं की म्हणत, "घरी जावा, नीट ऐका, मग या." असं करून धंदा कसा चालायचा हे मला कधी कळलं नाही. त्यांच्या बायकोला, रुकय्याचाचीलाही, कळत नव्हतं. "ह्यास्नी गिऱ्हाईक नको, शागीर्द पायजेत," असं त्या माझ्या आईला सांगत.

स्पीकर लावतानाही हाच प्रकार. एकदा एका गावच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी हट्ट धरला, आवाजाला इको पाहिजे. शेजारच्या गावात होता. भाई म्हणाले, "महाराज, इको म्हंजे साखर. च्यात घाला, भाकरीवर कशाला?" महाराज रागावले. गावकऱ्यांनी मध्यस्थी केली. भाईंनी गुपचूप एक बटण फिरवलं आणि विचारलं, "आता?" महाराज खूष झाले. रात्रभर उत्तम कीर्तन झालं. परतताना टेम्पोत मी विचारलं, "भाई, शेवटी दिला ना इको?" म्हणाले, "त्यो दिव्याचा बटन व्हता."

पण माझ्या मनात त्यांचं जे चित्र आहे ते वेगळ्याच एका दुपारचं. तेव्हा आखातात नोकरीला गेलेल्या मुलांना घरचे लोक कॅसेटवर निरोप भरून पाठवत. फोन महाग होता. एक बाई आल्या, मुलगा दोन वर्षं तिकडे होता. माइकसमोर बसल्या, "बाळा, मी बरी हाय, तू बरा अस" एवढं बोलल्या आणि थांबल्या. पुढे काही सुचेना. म्हणाल्या, "झालं भाई." भाईंनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत मेथी होती. म्हणाले, "घरी जाऊन निवडणारच ना? हितंच निवडा." बाई मेथी निवडत बसल्या. निवडता निवडता भाईंशी बोलू लागल्या, बाजारात भाव काय, शेळी कशी आजारी पडली, शेजारणीने काय चहाडी केली. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत माइक चालू होता. मुलाचं पत्र आलं ते त्या बाईंनी दुकानात आणून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, कॅसेट रोज लावतो, देठ मोडल्याचा आवाज येतो.

त्यामुळे सगुणाबाई त्यांच्या दुकानात आल्या तेव्हा जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही.

सगुणाबाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर राहत. तिथे आठ-दहा घरं, म्हशी आणि शेळ्या. एका बाजारच्या दिवशी त्या जावेबरोबर भोरला आल्या होत्या. भाईंच्या दुकानात शहरातल्या कुणा गायिकेने गायलेल्या बायकांच्या ओव्यांची कॅसेट चालू होती. दोघी पायरीवर टेकल्या. गाणं संपल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "गळा ग्वाड हाय. पन बाईचं हात रिकामं हायती."

भाईंनी टेप बंद केला. "म्हंजे?"

"ह्ये घुसळायचं गानं हाय. घुसळण कुठंय ह्यात? रिकाम्या हातानं कसं म्हनायचं?"

"तुमी म्हना की हितं. म्या भरतो."

"हितं डेरा हाय का?" सगुणाबाईंनी विचारलं आणि त्यांची जाऊ, हौसाबाई, पदर तोंडाला लावून हसायला लागली.

झालं. भाई पुढच्याच आठवड्यात टेप घेऊन वाड्यावर गेले. तिथली रीत त्यांनी परत येऊन मला सांगितली, तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता. सगुणाबाईंच्या घरात कमरेएवढा डेरा होता. घुसळखांबाला रवी बांधलेली आणि रवीला दोरी. दुभतं इतकं की एकटीच्या हाताने घुसळणं होत नसे. दोरीचं एक टोक सगुणाबाईंकडे, दुसरं हौसाबाईंकडे. ही ओढायची तेव्हा ओळ म्हणायची. ती ओढायची तेव्हा उत्तर द्यायची. सगुणाबाई म्हणत, "रवी फिरं डेऱ्यामधी, वारं फिरं कड्याला." हौसाबाई उत्तर देई, "वाऱ्यासंगं सांगावा माझ्या धाकल्या भावाला." लोणी वर आलं की गाणं संपलं. मग कितीही विनवा, पुढची ओळ मिळायची नाही. हौसाबाईंची उत्तरं ठरलेलीही नसत. कालची आज नाही.

पण त्यांनी आणलेली कॅसेट दुकानात लावली आणि ते खुर्चीत मागे टेकले. एकच माइक, एकच टेप. रवीच्या घुमण्यात हौसाबाईंचा बारीक आवाज बुडाला होता, आणि वर 'तळण'.

"भाई, कळतंय की सगळं," मी म्हणालो.

"तुला कळतंय. कारन म्या आधी सांगितलं." त्यांनी कॅसेट काढली. "दोगींचा आवाज येगळा घ्याया पायजे. येगळा घेतला तरच दोगी दिसतील."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. दोन वेगवेगळे माइक वेगवेगळे भरायचे तर तेव्हा पुण्यातला स्टुडिओ गाठावा लागे, आणि डेरा, घुसळखांब, दोन जावा काही स्टुडिओत जात नव्हते. वाड्यावर वीज नव्हती. भाई थांबले. दहा-बारा वर्षं थांबले म्हणजे विसरले असं मात्र नाही. दर सणाला वाड्यावर साखर आणि बांगड्या घेऊन जात आणि सगुणाबाईंना सांगत, "आक्का, यंत्र निगालं की येतो." सगुणाबाई म्हणत, "या. आमी काय, हितंच घुसळतोय."

यंत्र निघालं तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला होतो आणि शनिवार-रविवार भोरला येत असे. कॅसेटी संपल्या होत्या, सीडीही जायला लागली होती. भाईंनी एक जुना लॅपटॉप घेतला होता. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की आता माइक थेट कॉम्प्युटरला जोडणारा एक डबा मिळतो, ऑडिओ इंटरफेस, आणि तो यूएसबीच्या वायरने लागतो. मला म्हणाले, "कंप्युटरवाले, चला पुण्याला."

त्या दुकानातली दुपार मी विसरू शकत नाही. भाईंनी शिरताच टाळी वाजवली. काउंटरवरच्या विक्रेत्याने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. भाईंनी पिशवीतून स्वतःचे दोन माइक काढले, एक स्टीलची ताटली काढली आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ काढले.

विक्रेत्याने सहा डबे मांडले. भाई प्रत्येक डब्याला माइक लावत, हेडफोन कानावर घेत, आणि काहीच न बोलता बटण पूर्ण वर फिरवून नुसते बसत. पाचोळा किती आहे ते ऐकत. मग मुठीतून तांदूळ ताटलीत सोडत. एकेक दाणा सुटा ऐकू येतो की सगळे मिळून एक सळसळ होते, हे त्यांना पाहायचं होतं. दुकानातली गिटार घ्यायला आलेली मुलं हसू लागली. विक्रेता म्हणाला, "काका, यात फँटम पॉवर आहे, स्टुडिओ क्वालिटी आहे, आठ इनपुट आहेत."

"माज्याकडं बाया दोनच हायती," भाई म्हणाले.

मुलं आणखी हसली. मी स्वतःच्या बुटांकडे पाहत उभा होतो. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटत होती.

दोन तासांनी त्यांनी एका लहान, राखाडी, पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला. दोन माइक, दोन बटणं. आणि मुख्य म्हणजे त्याला वेगळी वीज लागत नव्हती. लॅपटॉपच्या वायरीतून जेवढी येई तेवढ्यावर तो चालत असे. "ह्यो," ते म्हणाले. "ह्यो डोंगरावर चालंल." पण तो नुसता दाखवायचा नग होता. विक्रेता म्हणाला, तीन आठवड्यांत नवीन माल येईल. भाईंनी पैसे माझ्याकडे दिले आणि डब्याचं नाव एका कागदावर आपल्या सुरेख अक्षरात लिहून दिलं. "त्योच आन. दुसरा न्हाई."

तीन आठवड्यांनी मी ऑफिस सुटल्यावर गेलो. माल आला नव्हता. अजून आठ दिवस, विक्रेता म्हणाला. मग त्याने तो आठ इनपुटवाला डबा पुढे केला. तो मोठा होता, समोर दिव्यांची रांग होती, आणि सवलतीत होता. मला पुन्हा त्या गल्लीत यायचा कंटाळा आला होता. शिवाय मनात कुठेतरी होतं, भाईंना काय कळतंय यातलं, तांदूळ ओतून कुठे यंत्र निवडतात का? मी तो मोठा डबा घेतला. त्याच्या खोक्यात विजेचा जाडजूड अडॅप्टर होता. तो मी पाहिला. पाहूनही घेतला.

भोरला येऊन मी भाईंना सांगितलं, "तुम्ही सांगितलेला बनवायचाच बंद झाला म्हणे."

हे मी सांगितलं. एवढं एक वाक्य. आठ दिवस थांबलो असतो तर ते बोलावंच लागलं नसतं.

भाईंनी खोकं उघडलं, अडॅप्टर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "बंद झाला तर झाला. मग वीज वर न्यायची."

आणि त्यांनी ती नेली. ओळखीच्या जीपवाल्याकडून एक बॅटरी घेतली, तिला जोडायला एक लहान इन्व्हर्टर घेतला. वेल्ह्यापर्यंत एसटीने गेलो. पुढे दीड-दोन तासांची चढण. भाई तेव्हा साठीला आले होते. बॅटरी आम्ही आळीपाळीने खांद्यावर घेत होतो, पण त्यांची पाळी लवकर संपत नव्हती. प्रत्येक चढावर मी म्हणे, "भाई, द्या इकडं." ते म्हणत, "तू डबा सांबाळ. आठ बायांचा हाय त्यो." हा टोमणा ते सबंध वाट मारत होते, आणि हसत होते. मला हसता येत नव्हतं.

एका वळणावर मी विचारलं, "भाई, साधा टेपही बरोबर घेतलाय ना? असू द्यावा एक."

"मुद्दाम घरी ठिवला," ते म्हणाले. "टेप संगट असला की मानूस टेपवर भागवतो."

सकाळी सगुणाबाईंच्या घरात सगळं मांडलं. डेरा भरलेला, दोघी जावा दोरी धरून समोरासमोर. हौसाबाईंनी खास ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. एक माइक इकडे, एक तिकडे. भाईंनी हेडफोन लावला. मी बॅटरी चालू केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यांनी हेडफोन काढून मला दिला.

भुंगा. इन्व्हर्टरचा. बारीक, एकसारखा. आम्ही बॅटरी दाराबाहेर नेली, गोठ्यापर्यंत नेली, वायर बदलली. भुंगा गेला नाही. इकडे दही उबेला येत होतं. सगुणाबाई म्हणाल्या, "भाई, आता घुसळाया लागंल, न्हाईतर लोनी निगत न्हाई."

मी हळूच म्हणालो, "भरा ना भाई. पुढं काढू कॉम्प्युटरवर. कुणाला कळतंय?"

"त्यो काढला की हौसाचा आवाज बी जाईल. दोगं एकाच जागंला बसल्यात." त्यांनी माइक काढून गुंडाळायला सुरुवात केली. "आक्का, घुसळा तुमी. आज म्या नुसतं ऐकतो."

ते भिंतीला टेकून बसले आणि दोघींनी घुसळलं. हौसाबाईंनी त्या दिवशी उत्तरात भाईंनाच घातलं, "बारा वर्सांनी आलं यंत्र भाईचं, त्येला बी लागतं दान माज्या ताकाचं." सगळं घर हसलं. भाईंनी तांब्याभर ताक पिऊन पाहुणचार घेतला. कुठेही काही भरलं गेलं नाही.

खाली आल्यावर मी म्हणालो, डबा बदलून आणतो, दुसरा कुठला मिळतो का बघतो. मनातून मला माहीत होतं की तोच राखाडी डबा आता दुकानात असणार. पण दुकानात गेलो आणि ते भाईंना कळलं तर? ही भीती आणि आळस यांनी मिळून पाऊस काढला, दसरा काढला. भाई दर रविवारी विचारत, "काय झालं?" आणि मी दर रविवारी काहीतरी सांगत असे. दिवाळीनंतर मी गेलो. विक्रेत्याने दोन मिनिटांत डबा बदलून दिला. शेल्फवर त्याच डब्यांची चळत होती.

मी तो घेऊन भोरला आलो तेव्हा दुकानात वेल्ह्याकडचा एक ओळखीचा माणूस बसला होता. हौसाबाईंना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती.

भाईंनी डबा हातात घेतला. बंद झालेला डबा परत कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. दोन्ही बटणं एकदा फिरवून पाहिली. "परवा जाऊ," म्हणाले.

"भाई, आता कशाला?"

"परवा जाऊ," ते पुन्हा म्हणाले.

सगुणाबाई दारात उभ्या होत्या. "आता काय भरनार भाई? मागल्या महिन्यापसनं सून वढती दोरी. तिला काय म्हनाया येत न्हाई."

"हौसाआक्काला बसवा तिच्या जागंवर."

"तिला बोलता येत न्हाई वं."

"दोरी धरता येती का?"

सगुणाबाईंनी आत जाऊन जावेला उठवून आणलं. सुनेने पाठीला आधार दिला. हौसाबाईंनी डाव्या हाताला दोरीचा वेढा घेतला. भाईंनी गुडघ्यावर बसून त्यांच्या तोंडासमोर माइक लावला, पूर्वी लावला होता तेवढ्याच अंतरावर, बोटांनी मोजून. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. भुंगा नव्हता, पाचोळा नव्हता. डबा खरोखर चोख होता.

सगुणाबाईंनी ओळ म्हटली आणि दोरी ओढली. मग हौसाबाईंनी ओढली. त्या ओढीत गाणं नव्हतं. रवी फिरली, दोरी कुरकुरली, आणि एक श्वास. सगुणाबाई थांबल्या. उत्तराला जेवढा वेळ लागला असता तेवढाच थांबल्या, आणि पुढची ओळ म्हटली. असंच चाललं. पडद्यावर सगुणाबाईंची रेघ डोंगरासारखी वरखाली होत होती आणि हौसाबाईंची जवळजवळ सपाट. मी भाईंच्या कानाशी लागून म्हणालो, "दुसरा माइक बंद करू का? नुसती हवा येतीय."

भाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. तो दाबून धरला. गाणं संपेपर्यंत काढला नाही.

लोणी यायच्या बेताला एका ठिकाणी हौसाबाईंच्या ओढीबरोबर एक हुंकार आला. त्यात शब्द नव्हता. पण सूर जागेवर होता. सगुणाबाईंची पुढची ओळ चुकली. तेवढी एकच.

भाईंनी त्या गाण्याला कुठेही कात्री लावली नाही. दोन सीड्या भरल्या, आपल्या अक्षरात दोघींची नावं लिहिली, आणि सेलवर चालणारा एक प्लेअर घेऊन वर गेले. मीही होतो. सगुणाबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हौसा कमी आलीया."

"जेवडी व्हती तेवडी आलीया, आक्का."

हौसाबाई खाटेवर पडून माझ्याकडे पाहत होत्या. का कोण जाणे, भाईंकडे नाही, माझ्याकडे. त्यांना काही माहीत असणं शक्य नव्हतं. मी बाहेर जाऊन म्हशींजवळ उभा राहिलो.

त्यानंतर भाईंनी तो डबा कधी दुकानात ठेवला नाही. तो त्यांच्या पिशवीत असे. पालीला कुणी म्हातारा दावणीला बसून गुरांची सात पिढ्यांची नावं सुरात म्हणतो, सारोळ्याजवळ कुणी बाई कोंडा पाखडताना गाते, कळलं की निघाले. जे ज्या घरात, ते त्या घरात जाऊन भरायचं. दुकान रुकय्याचाची आणि मुलगा बघत. तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असत. मी बरोबर जाणं सोडलं. कामं होती, असं मी सांगत असे.

एका सोमवारी सकाळी मी पुण्याची गाडी धरायला भोरच्या स्टँडवर गेलो, तर वेल्ह्याच्या एसटीत खिडकीशी भाई बसलेले दिसले. बरेच वाळले होते. शेजारच्या सीटवर त्यांची पिशवी. मी खिडकीखाली गेलो. इकडचं तिकडचं बोललो. म्हणाले, वाड्यावर चाललोय, हौसाआक्काची तब्येत बरी नाही असं कळलंय. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी बोलून गेलो. "भाई, तो डबा बंद झाला नव्हता. मी आठ दिवस थांबलो नाही. खोटं सांगितलं."

त्यांनी गजावर हात ठेवला. "ठावं हाय. तू डबा बदलून आनलास, त्याच आठवड्यात दुकानात फोन केल्ता म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? टेप म्या घरी ठिवला व्हता. त्या दिशी टेप असता तर तळनासंगट का व्हईना, हौसा आली असती. त्ये कुनाला सांगू?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना रागावलेलं क्वचितच पाहिलं होतं. "आनि तू मला काय सांगतोस? म्या ऐकलंय तिला. जिनं तुज्यासमोर दोरी वढली तिला सांग. तिला बोलता येत न्हाई, ऐकू समदं येतं."

कंडक्टर चढला. भाईंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. नुसती जागा केली.

माझ्या हातात ऑफिसची बॅग होती. दहा वाजता मीटिंग होती. दार चार पावलांवर होतं.

घंटी वाजली. गाडी मागे सरली, वळली आणि स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली. भाई समोर पाहत ताठ बसले होते. त्यांच्या शेजारची सीट मोकळीच होती, आणि दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.